हवेला बाहेरची वाट

उन्हाळ्यात मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या बघत नाशिककरांची एक पिढी मोठी झाली. प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर, जीप, कोणीच त्यातून सुटलं नव्हतं. झाकणावर ओलं फडकं टाकायचं, वाफ ओसरेपर्यंत थांबायचं, पाणी ओतायचं आणि इगतपुरी येईपर्यंत टेम्परेचरच्या काट्यावर डोळा ठेवून चालवायचं, हा प्रवासाचाच भाग होता. पुढे बंदिस्त कूलिंग, विजेवर फिरणारे पंखे आणि ॲल्युमिनियमचे रेडिएटर आले, तसं ते दृश्य जवळपास दिसेनासं झालं. आता तिथे अधूनमधून थांबलेली दिसते ती निराळीच गाडी. खाली बसवलेली, रुंद टायरांची, पुढे मोठ्या जबड्याचा बंपर, बोनेटवर उंचवटा. कारखान्याने दिली होती त्याच्या दुप्पट तोंडं तिला हवा घ्यायला आहेत, आणि तरीही ती तापलेली आहे.

अशी गाडी का तापते आणि तिच्या पत्र्याला कुठे हात लावला तर ती तापणार नाही, हा या पुस्तकाचा विषय. स्पोर्ट्स कार म्हटलं की इंजिन, टर्बो, सायलेन्सर यांवर गप्पा रंगतात. बॉडीवर बोलणं झालंच तर ते रंगाबद्दल आणि स्पॉयलरच्या उंचीबद्दल. बॉडी हा यंत्राचाच एक भाग आहे, तिच्या प्रत्येक वळणावर हवेचा दाब वेगळा असतो आणि रेडिएटर त्या दाबांच्या फरकावर जगतो, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच कोणी समजावून सांगतं.

हे लिखाण नाशिकच्या इंदिरानगरात आकाराला आलं याचं मला आश्चर्य वाटत नाही. एका अंगाला मुंबई-आग्रा महामार्ग, जवळच अंबडची औद्योगिक वसाहत. सातपूर आणि अंबडच्या शेडमध्ये पत्रा दाबणारे, साचे घडवणारे, फायबर ओतणारे, वेल्डिंग करणारे हात पिढ्यांपासून आहेत. महिंद्राची गाडी आणि मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा, डिझेल इंजेक्टर ज्या गावात बनतो तिथे गाडीच्या अंतरंगाबद्दल कुतूहल असायला कारण लागत नाही. शिवाय इंदिरानगरला स्वतःचा बोगदा आहे. मे महिन्यात संध्याकाळी साडेसहाला त्या बोगद्याच्या तोंडाशी अडकलेली गाडी म्हणजे कूलिंगची सर्वांत कठोर परीक्षा. इंजिन चालू, एसी चालू, खालचं डांबर दिवसभर तापलेलं आणि समोरून येणारा वारा शून्य.

हा शून्य जरा मोजून बघू. चालत्या गाडीच्या नाकावर हवा आदळते, तेव्हा जो दाब तयार होतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की इथल्या एक घनमीटर हवेचं वजन जेमतेम १.०५ किलो भरतं. तीस अंशांच्या मुंबईत ते १.१६ किलोच्या आसपास असतं. म्हणजे मुंबईत जेमतेम निभावणारी गाडी इथे पोचते तेव्हा तेवढ्याच आकारमानात तिला जवळपास दहा टक्के हवा कमी मिळते, आणि ती हवाही जास्त गरम. अशा हवेत ताशी १०० किलोमीटरला नाकावरचा दाब सुमारे ४०० पास्कल, म्हणजे पाण्याच्या ४१ मिलिमीटर स्तंभाइतका. ताशी २० ला तो १६ पास्कल. वेग पाचपट घटला, दाब पंचवीसपट घटला. कसारा घाटात मालट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या गाडीकडे इंजिनचा भार भरपूर असतो आणि वारा या सोळा पास्कलांचा.

दुसऱ्या बाजूला उष्णता. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक तृतीयांश धुरातून आणि उरलेला बहुतांशी कूलंटमधून. दीडशे अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात चाललं तर कूलंटमध्ये ७० किलोवॅट सहज उतरतात. घरातले दोन किलोवॅटचे पस्तीस गीझर एकदम लावल्यासारखं. ही उष्णता हवेला द्यायची आणि हवेचं तापमान चाळीसएक अंशांनी वाढू द्यायचं ठरवलं, तर रेडिएटरच्या जाळीतून दर सेकंदाला दीड घनमीटरहून जास्त हवा पार व्हायला हवी. पार व्हायला हवी, नुसती आत शिरायला नव्हे. सगळी मेख इथे आहे.

बंपरला मोठं भोक पाडलं की ते दिसतं, फोटोत येतं, मित्र विचारतात. पण इंजिनच्या खोलीत आधीच हवा कोंडलेली असेल तर नव्या भोकासमोर आलेली हवा आत शिरतच नाही. ती बाजूने, खालून, वरून निघून जाते. कोणताही प्रवाह दोन टोकांच्या दाबातल्या फरकावर चालतो, आणि हौशी माणसं यातल्या एकाच टोकावर पैसे खर्च करतात. या पुस्तकाचा खरा आग्रह दुसऱ्या टोकाबद्दल आहे. रेडिएटरमागची हवा कमी दाबाच्या जागी सोडा, मग पुढचं तोंड कारखान्याने दिलं तेवढंच पुरतं. कित्येकदा तर ते थोडं लहान केलं तरी चालतं.

कमी दाबाची जागा ओळखायची कशी, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण ऑस्ट्रियातलं आहे. १९६९ साली पोर्शेने ९१७ ही शर्यतीची गाडी काढली. साडेचार लिटरचं, बारा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन. त्याच्या डोक्यावर मोठा आडवा पंखा. वेग अफाट, पण सरळ रस्त्यावर ती अशी डुलायची की नावाजलेले चालकही तिच्यात बसायला कचरत. ऑक्टोबर १९६९ मध्ये ऑस्टेररायखरिंगवर चाचण्या चालू असताना जॉन वायर यांच्या संघातले अभियंते जॉन हॉर्समन यांना एक गोष्ट दिसली. गाडीच्या अंगावर सगळीकडे चिलटं चिरडून चिकटली होती. मागचे स्पॉयलर मात्र स्वच्छ होते. जिथे चिलटं पोचली नाहीत तिथे हवाही पोचत नव्हती. म्हणजे ते स्पॉयलर शोभेचेच होते. संघाच्या मेकॅनिकनी तिथल्या तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा कापला, स्क्रू आणि चिकटपट्टीने बसवला आणि शेपूट वर उचललं. गाडी एकदम शहाण्यासारखी चालू लागली. त्या बदलातून ९१७ चं आखूड शेपटाचं रूप आलं आणि १९७० साली हान्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवूड यांनी त्या रूपातल्या गाडीतून पोर्शेला ल माँच्या शर्यतीतला पहिला एकूण विजय मिळवून दिला.

या गोष्टीत संगणक नाही, विंड टनेल नाही. कात्री, पत्रा, आणि मेलेल्या चिलटांकडे बघणारा एक माणूस आहे. पहिल्या पावसानंतर इगतपुरीहून रात्री गाडी घेऊन आलात तर सकाळी हाच नकाशा आपल्या बोनेटवरही छापलेला असतो. आपण तो बादलीभर पाण्याने धुऊन टाकतो.

चिलटांची वाट न बघता हेच करायचं तर लोकरीचे बोटभर तुकडे चिकटपट्टीने बोनेटभर लावायचे, शेजारच्या गाडीतून चित्रण करायचं. धागा मागे सरळ पडला तर हवा पृष्ठभागाला धरून चालली आहे, गोल फिरला तर ती सुटली आहे, उलटा पुढे आला तर तिथे भोवरा आहे. दाब मोजायला पारदर्शक नळीचा यू आणि त्यात रंगीत पाणी पुरतं. नळीचं एक टोक रेडिएटरच्या पुढे, दुसरं मागे. दोन्हीकडच्या पाण्यातला फरक म्हणजे हवा ढकलणारं बळ. वर सांगितलेले ४१ मिलिमीटर हे गाडीच्या नाकावरचं जास्तीत जास्त भांडवल. त्यातले रेडिएटरच्या वाट्याला दहाच येत असतील तर बाकीचे कुठे गळतात ते शोधायचं. एवढ्या साध्या साहित्यात हे काम होतं म्हणूनच गॅरेजवाल्याच्या हाती हे पुस्तक द्यावंसं वाटतं. ज्यांच्याकडे संगणक आणि सवड आहे त्यांच्यासाठी ओपनफोमसारखी फुकट मिळणारी आज्ञावलीही आहे. आयआयटी मुंबईच्या रेसिंग संघासारखे किंवा सोमय्या महाविद्यालयाच्या ओरायनसारखे विद्यार्थ्यांचे संघ आपल्या छोट्या फॉर्म्युला गाड्यांसाठी संगणकावरच्या आकडेमोडीला सरावलेले आहेत. पण तिथेही शेवटी धावपट्टीवर धागे लावावेच लागतात.

आता आपल्याकडच्या एका लाडक्या उपायाबद्दल. बोनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली दोन-तीन वॉशर घालायचे, म्हणजे काचेच्या बाजूने बोटभर फट राहते आणि गरम हवा निघून जाते, असा हा समज. गाडी उभी असताना तो खराही आहे. गरम हवा वर चढते आणि फटीतून निघते. बोगद्याच्या गर्दीत काटा थोडा उतरतो, मालक खूश होतो. पण पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवा अडते आणि तिथला दाब वाढतो. इतका, की अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींत इंजिनला श्वास घ्यायची हवा मुद्दाम तिथून घेतात. महामार्गावर वेग घेतला की आपल्या वॉशरवाल्या फटीतून हवा बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते. रेडिएटरमागचा दाब वाढतो, पुढून येणारी हवा मंदावते. वर एसीची हवा घेण्याची जाळी त्याच पायथ्याशी असल्यामुळे इंजिनचा वास केबिनमध्ये. जो उपाय सिग्नलला चालतो तोच सिन्नरच्या वाटेवर उलटतो.

बोनेटवरची खरी कमी दाबाची जागा पुढे असते, रेडिएटरच्या लगेच मागे, जिथे हवा नाकावरून वळून वर चढते. तिथे मागच्या दिशेने उघडणारी खाच काढली आणि खाचेच्या पुढच्या काठावर बोटाच्या पेराएवढी उभी पट्टी लावली, तर पट्टीमागे दाब आणखी पडतो आणि खोलीतली हवा ओढून घेतली जाते. दुसरी जागा पुढच्या चाकांच्या मागे, मडगार्डच्या बाजूला. या दोन्ही जागांचा आणखी एक फायदा आहे. बोनेटखाली कोंडलेली हवा गाडीचं नाक वर उचलते. ती मोकळी झाली की वेगात पुढची चाकं रस्त्याला जास्त घट्ट धरतात.

मग पुढच्या तोंडाचं काय? त्याबद्दल पुस्तक कंजूष आहे, आणि ते योग्यच आहे. बंपरच्या तोंडापासून रेडिएटरच्या कडेपर्यंत हवेला बंद वाट द्या. कडेच्या फटी फोमने किंवा पातळ पत्र्याने बुजवा. हवा आळशी आहे. रेडिएटरच्या बारीक पंखांमधून जाण्यापेक्षा शेजारच्या दोन इंची फटीतून जाणं तिला बरं वाटतं. शेकडो रुपयांच्या फोमने जे साधतं ते हजारोंच्या बंपरने साधत नाही, असं मी अनेक गाड्यांवर पाहिलंय. पंख्याभोवतीचं झाकण काढून टाकणारेही पाहिलेत, 'वाऱ्याला अडथळा' म्हणून. ते झाकण नसेल तर पंखा आपल्यासमोरच्या गोलाएवढीच जाळी थंड करतो, कोपरे तसेच तापतात.

बोनेटवर चिकटवलेल्या उंचवट्यांवर मात्र लेखणी थोडी तिखट झाली आहे. सुबारू इम्प्रेझाच्या बोनेटवरचं तोंड खरं आहे, त्याखाली इंटरकूलर बसलेला असतो. आपल्याकडे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावलेल्या त्याच्या नकलेखाली अखंड पत्रा असतो. खरं भोक असलं तरी पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा थर मंद आणि अस्वस्थ असतो, आणि चपट्या तोंडात तोच शिरतो. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखालचं रेडिएटरचं तोंड नीट पाहिलंत तर ते पोटाला चिकटलेलं नाही, मध्ये फट आहे. तो मंद थर त्या फटीतून निघून जावा म्हणून. त्या विमानाच्या कूलिंगमागे फार्नबरोच्या ब्रिटिश विमान-संशोधन केंद्रातल्या मेरेडिथ यांनी १९३५ साली मांडलेला विचार होता. हवा आत आल्यावर पसरू द्यायची म्हणजे ती मंदावते आणि दाब वाढतो, मग रेडिएटरची उष्णता घेऊन फुगलेली हवा मागच्या अरुंद तोंडातून वेगाने सोडायची. नीट जमलं तर रेडिएटरने निर्माण केलेल्या अडथळ्याचा बराचसा भाग ही हवाच भरून काढते. गाडीच्या वेगाला हा लाभ विमानाइतका मिळत नाही. तरी रेडिएटरपुढे पसरट आणि मागे निमुळती वाट हा आराखडा आजही तोच आहे.

१९४५ साली अमेरिकेतल्या नाका या संस्थेने पत्र्यात बुडालेलं, त्रिकोणी उताराचं तोंड प्रसिद्ध केलं. नाशिकच्या मुंबई नाक्याशी त्याचा संबंध नाही, पण तिथल्या सिग्नलला ते दिसतं खरं, बहुतेक वेळा चुकीच्या जागी. थोडीशी हवा, ब्रेकला किंवा चालकाला, कमी अडथळ्यात घ्यायची तर ते उत्तम. रेडिएटरसाठी ते बनलेलंच नाही.

विमानांची उदाहरणं नाशिकच्या वाचकाला परकी वाटू नयेत. ओझरच्या कारखान्यात साठच्या दशकापासून मिग विमानं बनली. मिग-२१ च्या नाकातला पुढे-मागे सरकणारा शंकू वेगाप्रमाणे इंजिनच्या तोंडाशी हवेची घडी बसवायचा. त्यानंतर तिथे बनलेल्या सुखोई-३० च्या तोंडात धावपट्टीवरचे खडे अडवायला जाळी वर येते आणि आकाशात गेल्यावर खाली बसते, कारण जाळी म्हणजे प्रवाहाला अडथळा. गाडीच्या बंपरला हौसेने बारीक मधाच्या पोळ्यासारखी जाळी लावणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. जाळी हवीच, खडे उडतातच. पण बारीक जाळीतून हवा जितकी दिसते तितकी जात नाही.

इंजिन मागे असलेल्या गाड्यांचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. महाराष्ट्रातच आकाराला आलेली दिलीप छाब्रिया यांची अवंती २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये लोकांसमोर आली, तेव्हा इंजिन आसनांच्या मागे असलेली भारतीय स्पोर्ट्स कार ही कल्पनाच नवी होती. अशा गाडीत इंजिनची खोली वाऱ्याच्या सावलीत असते. दारांमागच्या मोठ्या खाचा देखणेपणासाठी नव्हेत, तिथून हवा आत ओढावी लागते, आणि पुन्हा तोच प्रश्न, सोडायची कुठून. इंजिनच गेलं तरी सुटका नाही. महिंद्राच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफारिनाने २०१९ मध्ये जिनिव्हात दाखवलेली बॅटिस्टा पूर्ण विजेवर चालते. १,९०० अश्वशक्ती देणारी बॅटरी आणि मोटारी थंड ठेवायला तिलाही रेडिएटर आणि हवेच्या वाटा लागतातच.

परदेशी पुस्तकांत न सापडणारा भाग पावसाचा आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कॅलिफोर्नियातल्या चित्रात बघून बोनेटच्या मधोमध पाडलेली खाच जुलैमध्ये थेट अल्टरनेटरवर आणि वायरिंगच्या जोडांवर पाणी ओतते. खाच रेडिएटरच्या मागच्या तोंडावरच असेल तर पाणी गरम जाळीवर पडतं आणि निभावतं. फेब्रुवारीपासून धूळ. रेडिएटरच्या पंखांत ती ओलाव्याने थापली जाते. ती मागच्या बाजूने, पाण्याचा जोर कमी ठेवून काढायची, नाहीतर पंख वाकतात. नाशिकच्या आसपासच्या मातीत राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झाल्या आहेत, तिथे चिखलाने भरलेला रेडिएटर हा सगळ्यांचाच शत्रू असतो. फायबरच्या भागांबद्दलही एक इशारा: एक्झॉस्टच्या जवळचं फायबर आधी पिवळं पडतं, मग मऊ होतं. मध्ये उष्णता परतवणारा पत्रा घातल्याशिवाय तिथे फायबर नको.

कायद्याबद्दल इथे स्पष्ट लिहिलं पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हीच भूमिका ठामपणे घेतली. पुढे लावलेल्या बुल बारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये टाच आणली ती पादचाऱ्यांच्या आणि प्रवाशांच्या सुरक्षेसाठी. रेडिएटरच्या वाटेतला अडथळा हटला हा आमच्या विषयाचा वरकड नफा. त्यामुळे पत्रा कापण्याची प्रकरणं धावपट्टीवरच्या आणि रॅलीच्या गाड्यांसाठी आहेत. रोज इंदिरानगर ते सातपूर जाणाऱ्या गाडीला फटी बुजवणं, पंख्याचं झाकण जागेवर ठेवणं, रेडिएटरचं कॅप दाब धरतंय का तपासणं, इतकं पुरतं, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

पुस्तकात ग्राइंडर शेवटाकडे येतो. आधी धागे, मग पाण्याची नळी, मग पुठ्ठ्याचा आणि टेपचा तात्पुरता नमुना. उतावळे वाचक पानं उलटून थेट कापण्यावर जातील, त्यांना अडवणं प्रस्तावनाकाराच्या हातात नाही. त्यांच्यासाठी इतकंच: कुर्ल्याच्या बाजारात जुनं बोनेट मिळतं, ते घ्या आणि त्यावर प्रयोग करा. मूळ बोनेट कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना तेच मागतात.